वटवाघळांचा आवाज कुठे गेला?

चार संध्याकाळी घाटातल्या गुहेसमोर बसून हाती काय लागलं? रातकिड्यांची किरकिर, आणि मधूनच शर्वाणीची जांभई. वटवाघळं तर शेकड्यांनी डोक्यावरून गेली होती; ध्वनिमुद्रणात मात्र एकाचाही आवाज नव्हता.

शर्वाणी आणि तिची वटवाघळांवर संशोधन करणारी मंदाआत्या, दोघींचेही पाय बोलू लागले होते. उद्या सकाळी घाटातल्या नव्या बोगद्याला मंजुरी देणारी समिती बसणार होती. गुहेत दुर्मीळ जातीची वटवाघळं राहतात हे त्यांच्या आवाजावरून सिद्ध झालं नाही, तर गुहेचं तोंड काँक्रीटनं बुजवणार होते.

"टिपणीस, आकडा वाढव," शर्वाणी म्हणाली. टिपणीस म्हणजे ध्वनिमुद्रण करणारा यंत्रमानव. बिचारा जुना, चढावर त्याचे गुडघे कुरकुरत. त्याचा नमुनादर (एका सेकंदात आवाज किती वेळा मोजायचा तो आकडा) अठ्ठेचाळीस हजार होता. शर्वाणीने कालची फाइल एक लाख ब्याण्णव हजारांवर करून घेतली. फाइल चौपट फुगली. आवाज नाहीच.

"जे मोजलंच नाही, ते आता कुठून आणू?" टिपणीस म्हणाला.

आत्याने कपाळावर हात मारला. "अगं, गेल्या महिन्यात भजनी मंडळाची भजनं याच्यावर घेतली होती. तोच आकडा राहिला. मीच बघायला हवं होतं!"

"पण भजनं तर छान आलीत की."

आत्याला बोलायचंही त्राण नव्हतं. पण भाचीचा प्रश्न तसाच सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं. "दोरीवरच्या उड्या आठव. प्रत्येक फेरीत तू एकदाच डोळे उघडलेस, आणि दर वेळी दोरी वरच दिसली, तर?"

"मला वाटेल, दोरी हलतच नाहीये."

"म्हणून एका फेरीत दोनदा तरी बघावं लागतं, किंबहुना थोडं जास्तच. आवाज म्हणजेही हवेचं मागेपुढे होणं. माणसाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत (थरथरींपर्यंत) ऐकू येतं. त्याच्या दुपटीहून थोडे जास्त असे अठ्ठेचाळीस हजार गाण्याला पुरतात. ही वटवाघळं ओरडतात सत्तर हजारांवर."

"म्हणजे एक लाख चाळीस हजारांच्या वर हवं! मग नेहमी मोठाच आकडा का नाही ठेवत?"

"माझी स्मृती चौपट वेगानं भरते, बाईसाहेब," टिपणीस म्हणाला. "आत्ताच काठोकाठ भरलीय. भजनं पुसू?"

"नको, ती गावाची आहेत." शर्वाणीला रडू येत होतं. "आपल्या चार संध्याकाळी पूस."

सूर्य मावळला. गुहेतून काळा लोट बाहेर पडला. या वेळी आकडा आधीच एक लाख ब्याण्णव हजारांवर होता.

मग टिपणीसने ते मुद्रण दहापट संथ करून वाजवलं. सत्तर हजारांचे सात हजार झाले, कानाच्या आवाक्यात आले. टिव्... टिव्... टिव्! शर्वाणीच्या अंगावर काटा आला.

आत्या खडकाला टेकून पेंगत होती. शर्वाणीने हळूच इअरफोन तिच्या कानात घातला. आत्याने डोळे उघडले नाहीत, पण तिचा चेहरा उजळला.

"तीच जात! समितीला पाठव. आणि आता मला उठवू नकोस."

शर्वाणीने फाइल पाठवली आणि टिपणीसच्या शेजारी पाय पसरून बसली.

"आपल्याला ऐकू न येणारं आणखी कोण कोण बोलत असेल रे?"

"शोधू की," टिपणीस म्हणाला, "फक्त आकडा आधी ठरवा."