माळावरचा काळा चिखल

विल्फ चगचं प्रेत दुपारी दोनला कड्याखालच्या खडकांत सापडलं. त्याची कुत्री टीझल तासभर आधी एकटीच घरी आली होती, दोरी फरफटत.

सार्जंट मेरिएल हक्सटेबल विल्फच्या बायकोसमोर, ओलिवसमोर बसली.

"काका किती वाजता निघाले?"

"आठला. रोजचीच फेरी. आधी कडा, मग ओकचं रान, शेवटी माळावरून घरी."

"बूट कालचेच?"

"रात्री घासून ठेवले होते मी." ओलिवने टीझलच्या मानेवर हात ठेवला. "माळावरच्या रूबेनची कोकरं हिनेच फाडली म्हणतात. उद्या डॉक्टर हिला कायमचं झोपवायची सुई देणार होते. त्या काळजीने हे दोन दिवस जेवले नाहीत."

विल्फच्या बुटांच्या खाचांत काळा चिखल होता. तसला चिखल फक्त वर माळावर असतो.

रूबेन यो माळावरच्या आपल्या गोठ्यात होता. त्याची मेंढ्या वळणारी कुत्री नेल पायाशी बसली होती.

"विल्फला कधी पाहिलंत?"

"सव्वाआठला, कड्याच्या फाटकाशी. नेहमीसारखा चालला होता. नऊला मी बाजारात पोचलो. विचारा कुणालाही."

"परत कधी आलात?"

"अकराला. मग इथेच, एकटा."

"विल्फ सकाळीच कड्यावरून पडला, तर बुटांना माळाचा चिखल कुठून लागला?"

रूबेनने नेलला जवळ ओढलं.

"आज तो उलटा गेला, रूबेन. आधी माळ, शेवटी कडा. सव्वाआठला तो फाटकाशी नव्हताच. तो सकाळीच मेला असं तुम्हाला भासवायचं होतं, कारण सकाळी तुम्ही बाजारात होतात. माळावर त्याने काय पाहिलं?"

रूबेनने नेलकडे बोट केलं.

"हिला. कोकरू फाडताना. टीझल तेव्हा त्याच्या हातातल्या दोरीला बांधलेली होती. मी आलो तर दारात उभा. म्हणाला, पोलिसांना सांगतो. रानातून निघाला, मी कड्यापर्यंत मागे गेलो. म्हटलं, बायको गेल्यावर नेलशिवाय माझं दुसरं कुणी नाही. तो म्हणाला, आणि माझी टीझल? मी ढकललं. एकदाच."

मेरिएलने त्याला गाडीत बसवलं. टीझलचा जीव वाचला होता, पण हे ओलिवला कोणत्या तोंडाने सांगायचं ते तिला कळेना.

"नेलचं काय?" रूबेनने विचारलं.

"उद्या डॉक्टर येतील."

"सुई देताना मला धरू द्याल तिला? परक्या हातात थरथरते ती."

"नाही देता येणार," मेरिएल म्हणाली, आणि तिने गाडी सुरू केली.