ओवीची दुसरी ओळ

पीएच.डी.चं शेवटचं वर्ष म्हणजे काय असतं, ते भोगलेल्यालाच कळतं. गाईड फोन उचलत नाहीत, घरचे ‘झालं का?’ एवढंच विचारतात, आणि आपण एका ओळीसाठी फुफाट्यातून जीप बदलत हिंडत राहतो. माझा विषय होता एकोणिसाव्या शतकात ओस पडलेली गावं आणि बायकांच्या ओव्या. पूर्णेकाठच्या एका गावावर माझं शेवटचं प्रकरण अडलं होतं. पटकीची साथ आली आणि गाव रातोरात उठलं, एवढंच लोक सांगत. कागदोपत्री काही नव्हतं. उरली होती एक ओवी, तीही अर्धी. दुसरी ओळ मिळाली नाही तर प्रकरण नाही, आणि मुदतवाढ कधीच संपली होती.

ती अर्धी ओवी त्या जागेलगतच्या नव्या गावातल्या म्हाताऱ्या साळूबाईंना येत होती. फरहानाला घेऊन मी जाफराबादहून निघाले. फरहाना माझी हॉस्टेलची मैत्रीण, इकडचीच. घरात उर्दू, आणि अभ्यासही त्याच काळातल्या उर्दू प्रवासवर्णनांचा. माझ्याइतकीच दमलेली. पोचलो तेव्हा ऊन कललं होतं आणि गावात लाइट नव्हती. साळूबाई एकट्याच राहत. त्यांच्या घरामागे बाभळींनी वेढलेला मातीचा उंचवटा होता, तीच त्या जुन्या गावाची पांढरी, म्हणजे वस्तीची जागा.

“दुसरी ओळ माज्या जावंची व्हती,” साळूबाई म्हणाल्या. “दोघी समोरासमोर बसायचो. पैली म्या म्हनायची, दुसरी तिनं. जाऊ गेली, तिच्यासंगं ओळ बी गेली.”

“जात्यावर बसलात तर आठवेल, आजी.”

“दळाया घरात दाणा न्हाई, पोरी. पीठ म्या गिरणीतून आणते. आन् रिकामं जातं फिरवत न्हाईत.”

हे मला माहीत होतं. सगळ्याच घरांत सांगतात. रिकाम्या जात्याचे दगड झिजतात म्हणून असेल, असं मी प्रबंधात लिहूनही टाकलं होतं. वाद घालायचं त्राण नव्हतं. “आजी, आता नाही हो होत माझ्याच्यानं,” इतकंच बोलले आणि मला चक्क रडू फुटलं.

साळूबाईंनी कोपऱ्यातल्या जात्यावरचं फडकं काढलं.

“बस मंग. पन एकदा फिरवलं की दिस उगवस्तोर थांबवायचं न्हाई. हाये का कबूल?”

त्या वेळी मी काहीही कबूल केलं असतं.

दगडावर दगड घासला जाऊ लागला. भरल्या जात्याचा आवाज ऐकायला बरा वाटतो. हा कोरडा होता, दाताखाली खडा आल्यासारखा. फोनवर रेकॉर्डिंग लावलं. साळूबाईंनी गळा काढला.

“जातं फिरतं गं बाई, गाव हाये घरात…”

पुढे काही येईना. पुन्हा म्हटली, पुन्हा तिथंच अडल्या. बाहेर अंधारून आलं. घरात शिळ्या पिठाचा वास होता, त्यात कुठूनसा ओल्या मातीचा वास मिसळला. साळूबाईंचा हात थकला तसा मी खुंटा धरला.

“आजी, मधेच थांबवलं तर काय होतं?”

त्यांनी आवाज अगदी खाली आणला. “गाव उठलं तवा आजारी मानसं मागंच ठिवली. त्यायला कळू न्हाई म्हून एक बाई जात्यावर बसवली. दाणे तर समदे नेल्ते. रिकामंच फिरवलं तिनं, गाव लांब जाईस्तोर… पडल्या पडल्या त्यायला वाटलं, गाव हाये घरात. आता ह्या जात्याचा बी आवाज पोचला आसंल त्यायला, तिकडं पांढरीत. थांबलं तर कळंल… मंग शोधत येतील.”

एवढं बोलून त्या आतल्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या.

मी आणि फरहाना समोरासमोर बसलो. दोघींचे हात एकाच खुंट्यावर. “अर्पिता, माझा खांदा गेला, खुदा कसम,” ती पुटपुटली. मला हसूही येईना. झोप येऊ नये म्हणून मी त्या तालावर पहिली ओळ गुणगुणू लागले.

“जातं फिरतं गं बाई, गाव हाये घरात…”

“पानी द्या गं घोटभर, आलो तुमच्या दारात.”

मी ओरडलेच. “हीच! फरहाना, हीच ती! कुठं मिळाली तुला?”

तिने दुसरा हात तोंडावर घट्ट दाबला होता. “मी… मी नाही म्हटलं. मुझे कहाँ आती है ओवी?”

घरात, दारात. यमक चोख जुळलं होतं. रेकॉर्डिंग चालू होतं. माझं प्रकरण पूर्ण झालं होतं, आणि क्षणभर मला इतका आनंद झाला की त्या ओळीचा अर्थ डोक्यात शिरायला वेळ लागला. साळूबाईंना अर्धीच ओवी आठवत होती आणि तिच्यावरच त्या विसंबल्या होत्या. जातं ऐकून ते पडून राहत नव्हते. गाव घरात आहे, आता कुणीतरी पाणी देईल, या आशेने ते उठत होते. आणि आम्ही जातं फिरवून त्यांना बोलावत होतो.

मी खुंटा सोडला. जातं थांबलं.

आत साळूबाई संथ घोरत होत्या. बाहेर अंगणात रांजणावरचं झाकण सरकलं. तांब्या पाण्यात बुडाला. रिकामा झाला, पुन्हा बुडाला… कुठेही घाई नाही, एकाचं झालं की दुसऱ्याने घ्यावा तसा. आम्ही एकमेकींचे हात धरून ऐकत बसलो. मग रांजणाचा तळ खरवडला गेला. एकदा, परत एकदा.

घरातली कळशी माझ्या मांडीपाशी होती, काठोकाठ भरलेली. आणि दाराला कडी लावलेली नाही, हे आम्हा दोघींना एकदमच आठवलं.