हातभर माया

तो दुकानात शिरला तेव्हा तिच्या तोंडात सात टाचण्या होत्या. पुढचा सगळा घोळ त्या सात टाचण्यांनी घातला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

भर दुपार होती. धक्क्यावरची माणसं सावली बघून जागच्या जागी लवंडली होती, आणि ती मात्र कापायच्या टेबलावर वाकून ट्रकच्या ताडपत्रीला काठ लावत होती. दारातला उजेड अडला म्हणून तिने मान वर केली. उंच माणूस, उन्हाने सोललेलं नाक, हातात जागोजागी गाठी मारलेली सुतळी.

“शिडाच्या होडीला सावली शिवून मिळेल का? बसायच्या जागेवर. लहानच होडी आहे.”

तिने मानेनेच हो म्हटलं. त्याची नजर टेबलाच्या कडेवर गेली. तिथे लाल रंगात, जुन्या वळणदार अक्षरांत एक शब्द रंगवलेला होता. तो वाचून त्याचा चेहरा खुलला.

“माया. तुम्हीच ना?”

“हं,” ती म्हणाली.

सात टाचण्या ओठांत धरलेलं माणूस दुसरं काय म्हणणार. आता ज्यांना शिवणातलं कळतं ते इथेच हसले असतील. बाकीच्यांसाठी सांगायला हवं की शिलाईच्या आत जे जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. उद्या कापड आटलं, माप चुकलं, अंगाने माणूस सुटला, तर उसवून वाढवता यावं म्हणून. तिच्या वडिलांच्या हाताखालची माणसं नेमकी तीच सोडायला विसरत. शेवटी वैतागून त्यांनी टेबलाच्या कडेपासून दोन इंचांवर एक रेघ मारली आणि शेजारी ठसठशीत लिहिलं: माया. पुढे ती माणसं गेली, तीन वर्षांपूर्वी वडीलही गेले. रेघ तेवढी राहिली.

टाचण्या काढल्यावर तिला खरं सांगता आलं असतं. पण तो सुतळीच्या गाठी दाखवून होडीची लांबी-रुंदी समजावत होता आणि बोलता बोलता सहज म्हणाला, “माया, हे जमेल ना?” त्या दुकानात तीन वर्षांत कोणी कोणाला नावाने हाक मारली नव्हती. गिऱ्हाईक तिला ताडपत्रीवाली म्हणत, शेजारचे दोरवाले काका पोरी म्हणत, आणि दर रविवारी फोन करणारी मावशी अजून बाळा म्हणे. तिचं स्वतःचं नाव कपाटातल्या चांगल्या साडीसारखं घडी घालून पडलं होतं. हे नाव तिचं नव्हतं, पण हाक तिलाच होती. तिने मिठाची गुळणी धरली.

दुसऱ्या दिवशी ती माप घ्यायला होडीवर गेली.

होडी खरंच लहान होती. मागच्या अंगाला सुकाणूचा दांडा, त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन छोटे बाक, आणि वर आभाळ. तो दिवेवाला होता. लहान लहान बंदरांच्या तोंडाशी जे दिवे असतात ते दुरुस्त करत, एका बंदरातून दुसऱ्या बंदरात, असा वर्षभर पुढे पुढे जाई. एकटाच.

“अडचण या दांड्याची आहे,” तो म्हणाला. शीड ज्याला बांधतात तो आडवा दांडा त्याने हाताने ढकलून दाखवला. होडी वळली की तो इकडचा तिकडे झपकन जाई. सावली त्याच्या खाली हवी आणि बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर. मधे जेमतेम वीतभर जागा.

“दोन्ही बाकांवर करायची?”

“नाही, फक्त माझ्या बाकावर. समोर पाण्याचा डबा आणि हत्यारांची पेटी बसते. त्यांना ऊन लागत नाही.”

“विचारलंत त्यांना?”

तो हसला. “विचारतो कधीकधी. एकटं असलं की पेटीशीही बोलतो माणूस.” मग म्हणाला, “उत्तरं मात्र मलाच द्यावी लागतात.”

तिला दुकानाच्या माडीवरची आपली खोली आठवली. तीही चुलीपाशी उभ्याने जेवता जेवता बोलत असे. तिने मात्र ते त्याला सांगितलं नाही.

“बसल्या उंचीचं माप घेते,” ती म्हणाली आणि फळ्यांवर गुडघे टेकून टेपचं टोक खाली धरलं. “ताठ बसा. दुसरं टोक डोक्यावर धरा. हलू नका.”

“हललो तर?”

“तर डोकं उन्हात राहील. माझं काय जातंय.”

तो हलला नाही. इतका हलला नाही की तिने वर बघितलं... आणि पुन्हा खाली बघितलं. आकडा तिने दोनदा वाचला, तरी वहीत लिहिताना विसरली, म्हणून तिसऱ्यांदा वाचला.

“कधी निघायचंय?”

“वारा फिरला की. वीसेक दिवस.”

वीस दिवसांत अशी सावली चार वेळा शिवून होते. पण तो रोज काही ना काही विचारायला येऊ लागला. “माया, रिंगा पितळेच्या की स्टीलच्या?” “माया, कापड पांढरं नको, डोळ्यांवर येतं.” एकदा नुसताच आला आणि कशाला आलो ते विसरलो म्हणाला. तो दारापाशी उभाच असे, कारण दुकानातल्या दुसऱ्या खुर्चीवर कापडाच्या तुकड्यांचा ढीग होता. ती खुर्ची वडिलांची. त्यांच्यामागे त्यावर कोणी बसलं नव्हतं, आणि बसू नये म्हणूनच की काय, तिने ढीग वाढवत नेला होता. आता रोज तिच्या मनात येई की ढीग उचलावा आणि बसा म्हणावं. पण रोज ते सुचे तो निघून गेल्यावरच.

तो गेला की दुकान पूर्वीपेक्षा जास्त गप्प वाटे. एकटेपणाचं तिला काही नवल नव्हतं. पण हा माणूस येऊ लागल्यापासून तो एकटेपणा तिला ऐकू यायला लागला होता.

पंधराव्या दिवशी ती सावली घेऊन होडीवर गेली. वाकवलेल्या पाइपच्या दोन कमानी, त्यांवर ताणलेलं राखाडी कापड, चारी कोपऱ्यांना दोऱ्या. आडवा दांडा वरून सफाईने गेला. तिच्या जिवात जीव आला. मग तो बाकावर बसला आणि त्याचं डोकं कापडाला टेकलं.

“असं कसं होईल?” ती म्हणाली. “माप मी स्वतः घेतलंय.”

“मीही हललो नव्हतो.”

तिने त्याला पुन्हा मापायच्या दिवशीसारखं बसायला लावलं, आणि तिच्या लक्षात आलं. “तुम्ही ताठ नव्हता बसलात त्या दिवशी. मान खाली होती.”

“असेल.”

“खाली काय बघत होतात?”

त्याचं सोललेलं नाक तेवढं आणखी लाल झालं. “खाली तुम्ही होतात,” तो म्हणाला.

आता लाल व्हायची पाळी तिची होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून ती कापडाची दुमड चाचपत घाईघाईने बोलून गेली, “काही बिघडत नाही. उसवून चार बोटं वाढवते. माया ठेवलीय मी.”

“काय ठेवलंय?”

झाली चूक. होडी धक्क्याला हलकेच आपटत होती. तिने सांगितलं. रेघ, वडील, लाल रंग, टाचण्या, सगळं. सांगताना तिला आपण पंधरा दिवस कोणाचं तरी नाव चोरून वापरत होतो असं वाटलं.

“म्हणजे,” तो सावकाश म्हणाला, “गेले पंधरा दिवस मी तुम्हाला... जादा कापड म्हणत होतो?”

“दोन इंच.”

दोघंही हसली. खूप हसली. मग हसू ओसरलं आणि त्याने विचारलं, “मग खरं नाव काय?”

इथे तिने सांगून टाकायचं. तुम्ही-आम्ही सांगितलं असतं. पण तिला खेळकरपणा करायची बुद्धी झाली. “परत आलात तर सांगेन,” ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. “माझी फेरी पुढेच जाते,” तो म्हणाला. “एकदा झालेल्या बंदरावर सहसा परत यावं लागत नाही.”

शब्द मागे घेता येतात, पण त्यासाठी तोंड उघडावं लागतं. सावली गुंडाळून ती घरी आली.

त्या संध्याकाळी तिने चार बोटं उंची वाढवली. काम तिथेच संपलं होतं. तरीही तिने त्याच कापडाचा एक हातभर रुंद पट्टा कापला, सावलीच्या एका बाजूला जोडला, घडीवर घडी घालून आत दुमडला आणि वरून सैल टीप मारली. बाहेरून बघणाऱ्याला जरा जाड काठ, एवढंच. हातभर माया जगात कोणी ठेवत नाही. वडील असते तर म्हणाले असते, कापड फुकट आलंय का. पण तिने होडी मापलेली होती. त्याच्या बाकापासून समोरच्या बाकापर्यंत पोचायला बरोबर हातभर कापड लागतं.

पाच दिवसांनी वारा फिरला. दोरवाल्या काकांनी होडीचा दोर सोडला. त्याने सावलीखालून हात केला, हाक मारायला तोंड उघडलं, आणि कोणत्या नावाने मारावी ते न कळून तसंच मिटलं.

नंतरचे दिवस सांगण्यासारखे नाहीत, कारण त्यांत काही झालं नाही. ट्रकच्या ताडपत्र्या आल्या, गेल्या. रविवारी मावशी म्हणाली, “बाळा, आवाज का गं असा?” ती म्हणाली, “फोन खराब आहे.” खिडकीतून धक्का दिसे, म्हणून ती खिडकी रोज पुसू लागली. “पोरी,” काका म्हणाले, “पुसून पुसून काच पातळ करशील. जायचं ते माणूस गेलं. तू चार घास बसून जेवत जा.” तिने मान डोलावली आणि उभ्यानेच जेवली. टेबलावरचा तो लाल शब्द आता तिला नुसता शब्द वाटत नसे. काम करता करता कोणीतरी हाक मारल्यासारखी ती मान वर करी. दारात उजेड तेवढा असे. दोन महिने गेले, तिसरा लागला, आणि आपण कोणाची वाट बघत नाही आहोत, हे ती स्वतःला बऱ्यापैकी पटवू शकली.

आणि मग एका दुपारी दारातला उजेड अडला.

नाक नव्याने सोललेलं होतं. काखेत गुंडाळलेली राखाडी सावली होती. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, हे काही सांगायला नको.

“जरा काम आहे,” तो म्हणाला. “ही वाढवून हवी. समोरच्या बाकापर्यंत. दोन माणसांना पुरेल एवढी.”

दोन माणसांना. म्हणजे वाटेत कुठल्या तरी बंदरात त्याला कोणी भेटलं होतं. भेटणारच, चांगल्या माणसांना भेटतातच. तिने टाचण्यांआडून कसंबसं “हं” म्हटलं आणि वही उघडली, म्हणजे चेहरा खाली घालता येईल.

“ह्या काठात काहीतरी आहे, ते मला उशिरा कळलं,” तो सांगत होता. “हाताला जाड लागायचं. चौथ्या बंदरात एका म्हाताऱ्या शिंप्याला दाखवलं. त्याने घड्या मोजल्या आणि म्हणाला, एवढी माया कोणी ठेवत नाही. जिने शिवलं तिला एकतर काम येत नाही, नाहीतर... म्हटलं, नाहीतर काय? तो नुसता हसला. तिथून मी होडी मागे वळवली. वारा समोरून होता, त्यात वाटेतले दिवे अर्धवट सोडता येईनात. म्हणून इतके दिवस लागले.”

“काखेत कळसा आणि गावाला वळसा,” दोरवाले काका दारातून म्हणाले. ते तिथे कधी आले होते कोण जाणे. तेवढं बोलून, कधी नव्हे ते शहाण्यासारखे, ते आपल्या दुकानात गेले.

तिने एकेक टाचणी काढून उशीत खोचायला सुरुवात केली. एक. दोन.

“दुसऱ्या माणसाचं माप लागेल,” ती तिसऱ्या टाचणीनंतर ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाली. काम म्हणजे काम. “बसल्या उंचीचं. त्यांना घेऊन या.”

“इथेच आहे ते माणूस. पण त्याचं नाव मला ठाऊक नाही.” तो म्हणाला. “परत आलात तर सांगेन... असं म्हणाली होती.”

चार. पाच. सहा. सातवी टाचणी उशीत गेली.

मग तिने नाव सांगितलं. ते त्याच्यासाठी होतं, आपल्याला ऐकून काय करायचंय. त्याने ते एकदा हळू उच्चारलं, जिभेवर बसतंय का बघितलं, आणि पुन्हा एकदा नीट, हाक मारावी तसं म्हटलं. तीन वर्षं घडीत पडलेलं ते नाव तिला आपलंच असून नवं वाटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते लपवलं नाही.

“कोणालाच नव्हतं माहीत,” ती म्हणाली. “म्हणजे, होतं. पण...”

“माझी पेटी विचारत होती,” तो म्हणाला. “रोज.”

ती उठली. दुसऱ्या खुर्चीवरचा कापडाचा ढीग तिने दोन्ही हातांनी उचलला आणि कोपऱ्यात ठेवला. पदराने खुर्ची पुसली.

“बसा,” ती म्हणाली.

तो बसला. ताठ नाही बसला. तिने सावली टेबलावर पसरली, जाड काठ वर घेतला आणि कात्रीचं टोक सैल टिपेच्या पहिल्या टाक्याखाली सरकवलं.

“किती वेळ लागेल?” त्याने विचारलं.

“लागेल बराच,” ती मान वर न करता म्हणाली. “माया खूप आहे.”