बर्फाखालचं विरजण

शनीच्या बर्फाळ चंद्रावर 'धारा' नावाचं ठाणं होतं, आणि त्या दिवशी तिथं जेवताना बघायला काही नव्हतं. सगळं घडलं ते एवढ्यावरून.

एरवी कालिंदी भोगले, म्हणजे ठाण्याच्या प्रमुख आणि जीवाणूंच्या मोठ्या जाणकार, एका हातात वाडगा आणि दुसऱ्या हातात दृश्यपाटी घेऊन बसायच्या. डोळे आकड्यांवर, घास आपला जातोय पोटात. मीठ कमी पडलं का जास्त, सांगता यायचं नाही. रसायनवाले हणमंतराव कोठावळे तर उभ्याउभ्याच गिळायचे. बर्फातली विहीर सांभाळणारा सुदाम पाखरे कानात गाणी घालून बसायचा. जेवण कसलं, गाडीत इंधन भरल्यासारखा कारभार.

काम होतंच तसं डोक्यावर. मैलभर बर्फ, त्याच्या खाली काळा समुद्र. त्यात जीवाणू सापडले होते, पण बाईंना हवं होतं विचार करणारं कुणीतरी. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी त्यात घातली. विहिरीतून लहरग्राही सोडून समुद्राचा आवाज ऐकला, उजेड हुडकला, वीज मोजली. हाती काही लागलं नाही. शेवटी पृथ्वीवरून हुकूम आला की ठाणं बंद करा. निघायच्या आधी जीवाणूंच्या भांड्यांना वाफारा द्या, विहिरीत जंतुनाशक सोडा आणि तोंड बुजवा. आज संध्याकाळी ते करायचं होतं. बाई सकाळपासून कुणाशी धड बोलल्या नव्हत्या.

पाट्या, यंत्रं, सुदामची गाणी, सगळं खोक्यात गेलं होतं. बाहेर राहिलं होतं एक आंबिलीचं पातेलं.

त्या आंबिलीचंही ऐका. तिथला जीवाणू अपायकारक नाही हे कधीच तपासून झालं होतं, आणि नाचणीच्या पिठात घातला की तो झकास आंबवायचा. मग यांनी त्याचंच विरजण केलं. जुन्यातलं चमचाभर ठेवायचं, नव्यात घालायचं, जशी आपल्याकडं घरोघर रीत. विरजण मंद झालं की ज्याचं पाणी त्याला परत म्हणून ते विहिरीत ओतायचं आणि ताजं पाणी ओढायचं. नियमात बसत नव्हतं, पण तिथं बघायला कोण येतंय.

तर तिघं जेवायला बसले आणि बघायचं कुठं तेच कळेना. सुदाम हणमंतरावांच्या मिशीकडं बघत राहिला.

"माझ्या तोंडाकडं काय बघतोस, वाडग्यात बघ," हणमंतराव म्हणाले.

बाईंनीही वाडग्यात बघितलं. एक चमचा तोंडात घेतला आणि कधी नव्हे ते गिळायची घाई केली नाही.

आधी आंबट लागलं. मग जिभेच्या कडेला कडवट. मग खारट, मग मधासारखं गोड, आणि परत आंबट. बाईंना वाटलं, भास असेल. दुसरा चमचा घेतला, डोळे मिटले, तोंडातच धरून ठेवला. परत तेच. त्याच क्रमानं, तितक्याच सावकाश, कुणीतरी दारावर ठरलेली थाप द्यावी तसं.

त्यांनी दोघांना तसंच करायला लावलं. हणमंतरावांना आधी गोड लागलं, मग दोनदा कडू. सुदामचं तिसरंच. बाईंनी वाडगे अदलाबदल केले. चव वाडग्याबरोबर गेली नाही, ज्याची त्याच्याकडंच राहिली.

हणमंतराव उभे राहिले, परत बसले. बाईंनी विचारलं, नमुने तपासायच्या रसमापकात हे इतकी वर्षं कसं दिसलं नाही?

"दिसणार कसं, बाई? रसमापक नमुना घुसळतो आणि बेरीज सांगतो. आंबट इतकं, कडू इतकं. कशामागून काय आलं ते त्याला कुठं कळतंय? ते जिभेलाच कळणार, आणि जीभ आपण कधी कामाला लावलीच नाही."

सुदामला उमगेना, म्हणून बाईंनी फोड करून सांगितलं. एकटा जीवाणू मुका असतो. घोळका झाला की ते एकमेकांसाठी रस सोडतात आणि दुसऱ्यानं सोडलेला ओळखून आपलं वागणं बदलतात. ही त्यांची गणबोली. घोळका जेवढा मोठा, तेवढं बोलणं गुंतागुंतीचं. मेंदूतही एकेकटी पेशी मुकीच असते की. इथं तर अख्खा समुद्र भरलाय.

"त्यांना कान नाहीत, डोळे नाहीत," बाई म्हणाल्या. "बोलायचं झालं तर ते चवीतच बोलणार."

"ते ठीक आहे मॅडम," सुदाम म्हणाला, "पण मी म्हणजे मी, हे त्यांना कसं कळलं? ओळखायला माझी लाळ त्यांनी आधी कधी चाखली?"

उष्टा डाव पातेल्यात घालू नका म्हणून बाई पहिल्यापासून ओरडत आल्या होत्या. हणमंतराव छताकडं बघत म्हणाले, मीठ बघायचं तर तोंडाला लावावंच लागतं. सुदामनं मान खाली घातली, म्हणजे तोही त्यातलाच. मग दोघांनी बाईंकडं बघितलं.

"मी पण," बाई म्हणाल्या.

सुदाम हसायला लागला, आणि एकदम थांबला. जुनं विरजण कुठं ओतलं होतं, ते त्याला आठवलं.

तो विहिरीवर गेला आणि खालच्या समुद्राचं ताजं पाणी ओढून आणलं. ना त्यात पीठ, ना विरजण, ना कुणाचं उष्टं. बाईंनी ते धुतलेल्या वाटीत कोमट केलं. घोट तोंडात घेतला, डोळे मिटले आणि थांबल्या.

आंबट. कडवट. खारट. गोड. आंबट.

मैलभर बर्फाखालून त्या अंधारानं त्यांना ओळखलं होतं. एवढी वर्षं त्या त्याला हाका मारत होत्या, आणि तो रोज त्यांच्याच तोंडात ओ देत होता, आकडे बघता बघता गिळलेल्या घासाघासात. बाईंच्या गालावरून पाणी ओघळलं, पण डोळे उघडले नाहीत, कारण चव संपली नव्हती. तिच्यामागून हणमंतरावांची आली, मग सुदामची. मग जरा शांत झालं. आणि मग चौथी आली. आंबट नाही, गोड नाही, कशासारखीच नाही. लांबलचक, हळूहळू उमलणारी.

बाईंनी बोटांवर खुणा करून ते दोघांना सांगितलं. तिघांनीही घोट घेऊन बघितला. तिघांनाही तेच आलं, आधी स्वतःची चव, मग बाकी दोघांची, आणि शेवटी ती चौथी.

"चौथं कोण आहे इथं?" हणमंतरावांनी हळूच विचारलं.

बाईंनी पायाखालच्या फरशीकडं बघितलं. "घरधनी," त्या म्हणाल्या. "आधी पाहुण्यांची नावं घेतली, मग स्वतःचं सांगितलं."

जंतुनाशकाची टाकी विहिरीला जोडून ठेवली होती. सुदामनं काही न विचारता जाऊन नळी काढली. बाईंनी डाव तोंडाला लावला, चांगला चाखला आणि सावकाश परत पातेल्यात बुडवला. या खेपेला कुणी ओरडलं नाही.

संध्याकाळी बिनतारीवर पृथ्वीवरून आवाज आला. वाफारा दिला का, विहीर बुजवली का, यान कधी निघतंय, उत्तर का येत नाही. तिघं पातेल्याभोवती मांडी घालून, डोळे मिटून बसले होते. बऱ्याच वेळानं हणमंतरावांनी घास गिळला, हात लांब करून बटण दाबलं.

"जेवतोय आम्ही," ते म्हणाले. "मग बोलतो."