दुसऱ्या कडव्यानंतरची घंटी

आरतीची कॅसेट घ्यायला मी वारंगा फाट्यावर देविदासच्या दुकानात गेले होते. दोन हजार चार साल, पौषातला गुरुवार. माझा उपास होता. दुकानात गिटारी वाजत होत्या, वर टाळ्या, आणि तीन-चार पोरं एका सुरात उड्या मारल्यासारखी गात होती.

"तुमी आन् असली गाणी? उपास मोडंल, सीमाताई," देविदास म्हणाला.

मला हसू आलं नाही. गाणारा आवाज माझ्या भावाचा होता.

प्रभू बारा वर्षांपूर्वी घरातून गेला तो परतलाच नाही. त्याच्या आदल्या वर्षी नांदेडच्या मित्रांबरोबर त्यानं एक कॅसेट काढली होती. कुणी घेतली नाही. घरातली एक होती, तीही हरवली. आता कुणीतरी असल्या विसरलेल्या बँडांची गाणी गोळा करून 'राहून गेलेली पॉप गाणी, भाग दुसरा' काढला होता. दुसऱ्या बाजूला चौथं गाणं प्रभूचं.

ती कॅसेट घेऊन डोंगरकड्याला, आमच्या गावी, घरी येऊन मी टेप लावला. 'फाट्यावर थांब, मी येतोच,' असं धृपद. दुसऱ्या कडव्यानंतर गिटारी क्षणभर थांबल्या आणि घंटी वाजली. तीनदा.

ती घंटी माझ्या देव्हाऱ्यात होती. आमच्या कळपातल्या म्होरक्या एडक्याच्या गळ्यातली. तिच्या आवाजावर मेंढरं घरी येत, म्हणून प्रभू गेल्यापासून रोज सकाळी, पाण्याचा घोट घ्यायच्या आधी, मी ती तीनदा वाजवायची आणि खंडोबाला मनात सांगायची, 'त्याला घरी पाठव.' माझ्या हातून पडून तिला तडा गेला, त्यालाही चार वर्षं झाली.

टेपमधली घंटी तडकलेली वाजत होती.

मी परत फाट्यावर गेले. "मी काई भरलं न्हाई त्यात, ताई," देविदास म्हणाला. "बराबर सीलबंद दिली तुमाला."

रविवारी पुन्हा टेप लावला, तर घंटीमागून बाईची कुजबुज आली. 'खंडेराया, आईचा उजवा डोळा गेला. लौकर पाठव.'

हे मी त्याच सकाळी म्हणाले होते. मनात. ओठ हललेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर प्रभूच्या नावानं गवताचा पुतळा जाळायचं ठरलं होतं. बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाला असा निरोप देतात. तो थांबवायला मी टेप घेऊन माहेरी धावले. माहेर चार घरं पलीकडं.

"उपास डोक्यात चढला तुह्या," माझे वडील, आबा, म्हणाले. मग त्यांनी घंटी ऐकली. मेंढरांमागं जन्म गेलेला माणूस. आपली घंटी त्यांना सांगावी लागली नाही.

"अडकून पडलाय तो, सीमे. तू घंटी वाजवून त्याला बांधून ठिवलंस. सोड आता लेकराला."

मला ते पटलं. देवाशपथ, पटलं.

सोमवारी मी घंटी वाजवली नाही. पुतळ्याच्या गळ्यात बांधायला आबांच्या हातात दिली. बारा वर्षांत पहिल्यांदा काही न म्हणता पाणी प्याले.

पुरुष माणसं ओढ्याकडं गेली. आई ओट्यावर बसली होती.

"येकडाव त्याचा आवाज ऐकव," ती म्हणाली.

मी टेप लावला. पहिलं कडवं. टाळ्या. धृपद. दुसरं कडवं.

गिटारी थांबल्या.

घंटी वाजली नाही.

नुसती फीत फिरत राहिली. आईनं माझं मनगट धरलं. मग कुणीतरी खोकलं.

"सीमे, घंटी काहून थांबवली?"

गाण्यातला आवाज नव्हता तो. दमलेला होता, वय झालेला.

"तिच्याच आवाजावर तर येऊन राहिलो होतो. फाट्याच्या लय जवळ आलतो."

परत खोकला.

"इथं धूर काहून होऊन राहिला?"

टाळ्या सुरू झाल्या. पोरं पुन्हा गाऊ लागली, 'फाट्यावर थांब, मी येतोच.' आईनं उरलेल्या डोळ्यानं ओढ्याकडं पाहिलं. बाभळींच्या वर धुराची पहिली रेघ आत्ता कुठं उठत होती.