तिथं ऐकू काय येतं?

तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याला उत्तरेला वगैरे अजिबात जायचं नव्हतं. आत्याच्या कानातलं यंत्र शिट्टी मारत होतं, एवढंच निमित्त.

आत्याचं प्रवास कार्यालय म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेर दोन टेबलं, एक चिवट रोपटं आणि भिंतभर नकाशा, आत आत्या. दरवर्षी उन्हाळा सरताना इथून सात माणसं पार पृथ्वीच्या उत्तर टोकाला जायची. जिथं रस्ते संपतात, मग झाडंही संपतात, आणि चिमुकलं विमान तळ्याच्या पाण्यावरच उतरतं. त्या सात जणांचं सगळं आत्याची भाची बघायची. बूट किती जाड हवेत, डासांची जाळी कुठली, अस्वल दिसलं तर पळायचं का. (नाही.) वय एकोणतीस, तरी आत्याला ती अजून चिऊच. आणि सहा वर्षं लोकांना धाडूनही चिऊ स्वतः काही त्या नकाशापलीकडे गेली नव्हती.

कानवाला (हे बारसं आत्यानंच केलं) दुरुस्त केलेलं यंत्र पुसता पुसता नकाशाकडे बघत राहिला.

“इथं काय आहे?” त्यानं वरच्या मोकळ्या भागावर बोट ठेवलं.

“काही नाही. म्हणजे… सगळंच.”

आणि चिऊ सुरू झाली. हजारोंनी निघालेले रेनडिअर, नदी ओलांडताना एकमेकांत अडकणारी त्यांची शिंगं, पिल्लांना चालायला शिकवणारी लांडगी, उन्हात लाल होणारं शेवाळ… तो ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, “आणि तिथं ऐकू काय येतं?”

सहा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

“शांतता असेल… दुसरं काय!”

“कसली पण? प्रत्येक ठिकाणची वेगळी असते.”

“मग जा, ऐका आणि मला येऊन सांगा,” ती जरा फणकाऱ्यानंच म्हणाली.

“चालेल. लिहा माझं नाव.”

त्यानंतर आत्याचं यंत्र दर मंगळवारी बिघडू लागलं. कानवाला यायचा, आतल्या खोलीत पाच मिनिटं आणि बाहेरच्या खोलीत तासभर घालवायचा. विमानात माणशी बारा किलोच सामान चालतं, म्हणून त्याची पिशवी काट्यावर चढायची आणि चिऊ एकेक वस्तू बाहेर काढायची.

“इस्त्रीचा शर्ट? अस्वलाकडे जेवायला बोलावलंय का?”

“मी परतेन तेव्हा तुम्ही घ्यायला याल ना विमानतळावर… तेव्हासाठी.”

चिऊनं शर्ट काढला. मग घडी नीट केली आणि पुन्हा आत ठेवला. काटा बारावर थरथरला.

एका मंगळवारी खिडकीवर पाऊस वाजत होता. त्यानं विचारलं, “तुम्ही का नाही गेलात कधी?”

ती उगाच पेन्सिलीला टोक करत बसली. “मी सगळ्यांना इतकं रंगवून सांगितलंय… आपण गेलो आणि फिकं निघालं तर? मग पुढच्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगू?”

“माझ्याकडे एक बाई आल्या होत्या,” तो म्हणाला. “वीस वर्षं पाऊस नुसता आठवणीत ऐकत होत्या. यंत्र बसवलं, बाहेर असाच पाऊस. त्या रडायलाच लागल्या. म्हणाल्या, माझ्या मनातला असा नव्हता हो. मी म्हटलं, काढू का? तर म्हणतात कशा, हात तर लावून बघा!”

चिऊ हसली. पण त्या दिवशी ती पेन्सिल संपेपर्यंत टोक करत होती.

शुक्रवार उजाडला. बारा वाजेपर्यंत सगळे अर्ज पाठवायचे होते, नाहीतर जागा गेली. त्याच्या अर्जात एक रकाना अजून कोराच होता: ‘काही झाल्यास कुणाला कळवायचं? नाव आणि नातं.’

“कुणाचं तरी लिहा हो! अकरा वाजून गेले.”

“आईबाबा नाहीत. भाऊ बोटीवर, त्याचाच पत्ता मला नसतो.” त्यानं छत्रीची मूठ दोनदा फिरवली. “तुमचं… लिहू का?”

“नाही.”

त्याचा चेहरा पडला. “हो, बरोबर आहे. मी आपलं उगीच…”

“नियम आहे,” चिऊ घाईघाईनं म्हणाली. तिचे कान तापले होते. “त्याच विमानातल्या माणसाचं नाव चालत नाही.”

तिनं खण उघडला. सातवा अर्ज. तिच्याच अक्षरात, तिच्याच नावाचा.

“कधी ठरवलंत?” त्यानं विचारलं.

“लिहिला काल. ठरलं बहुतेक तुम्ही तो आगाऊ प्रश्न विचारलात तेव्हाच.”

“म्हणजे मी येऊन सांगायचं नाही?”

“दोघांनी ऐकायचं. तिथं उतरल्यावर दहा मिनिटं गप्प बसून.”

“मला जमेल. तुम्हाला?”

“माझं नाव घाला रे दोघांच्याही कागदावर!” आतून आत्या ओरडली. “पावणेबारा झाले!”

कानवाला दचकला. “तुम्हाला… ऐकू येतंय सगळं?”

आत्या दारात आली. “यंत्र तुम्हीच नीट केलंत ना? उत्तम चालतंय. शिट्टी तर पहिल्याच दिवशी बंद झाली.”

“मग दर मंगळवारी…?”

“तुम्हाला जिना चढायला काहीतरी कारण नको?” आत्यानं पेन घेतलं. चिऊच्या कागदावर नाव लिहिलं, नात्यापुढे ‘आत्या’. मग त्याचा कागद ओढला आणि थांबली. “इथं नातं काय लिहू गं? कोरं चालत नाही म्हणतेस.”

तो चिऊकडे बघत होता, चिऊ नकाशाकडे.

“आत्याच लिही,” ती अगदी हळू म्हणाली. “त्यांचीही.”

आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकू यावं म्हणून झटलेल्या त्या माणसानं कानामागे हात धरला, आणि टेबलावर जरासा पुढे वाकला.

“काय म्हणालात? पुन्हा एकदा सांगा ना.”