सीलचा नंबर आतल्या बाजूनं

ऑइल सील म्हणजे काही मोठी चीज नाही. काळ्या रबराची एक चकती, मधात भोक, अन् त्या भोकातून इंजिनचा फिरता दांडा, म्हणजे क्रँक, बाहेर येते. आतलं तेल आत राहावं, एवढंच तिचं काम. बसवायचा नियमही एकच. ज्या तोंडावर नंबर छापला असते ते तोंड बसवणाऱ्याकडे ठेवायचं, म्हणजे बाहेर. उलटी बसली की तेल गळलंच. बालाघाटात गोंदिया रोडवर मोटरसायकल दुरुस्तीचं हे काम मी एकतीस वर्षांपासून करून राह्यलो. म्हणून पोरगी म्हणाली की बाबा, तुम्ही सील उलटी बसवली, तवा माझं डोकंच सटकलं.

पण पोरगी उगाच बोलत नव्हती, हे पहिले सांगतो. डिसेंबरात लालबर्र्याच्या एका गाडीचा तेलाचा नट मी हातानं लावला अन् पान्यानं आवळायचा विसरलो. भर रस्त्यात इंजिन जाम झालं. कोणाले लागलं नाही, नशीब माणसाचं. तवापासून रूपाली हात धुऊन मागं लागली. "बाबा, त्रेसष्ट झाले तुमचे. हात थकला. दुकान भाड्यानं देऊन टाका." एक मोबाईलवाला तयारच बसला होता. रोजची किटकिट ऐकून मीच एक दिवस चिडलो. म्हटलं, आता एक गाडी जरी माझ्या हातून वापस आली ना, तं शटर पाडतो. रूपाली शाळेत मास्तरीण हाये. दिलेला शब्द ती सोडत नाही. अन् दुकान गेलं तर मी दिवसभर घरी काय भिंती मोजू?

फेब्रुवारीत पुनाराम आला. बैहरकडं जंगलात नाकेदार हाये तो. मॅग्नेटच्या बाजूनं तेल टपकत होतं. मी कव्हर काढलं, सीलवर घट्ट बसलेला मॅग्नेट पुलर लावून ओढून काढला, जुनी सील पेचकसानं उचकली, नवी बसवली. अर्ध्या तासाचं काम. बुधवारी तो परत हजर.

"हिरालाल भाऊ, ये तो फिर टपक रही है."

खोललं. सीलवर नंबर नाही. नंबराच्या जागी मले आतली बाजू दिसत होती, बारीक स्प्रिंगवाली. नेमकी तवाच रूपाली डबा घेऊन आलेली. लहानपण याच दुकानात गेलं तिचं, तिले काय सांगायचं?

"ही उलटी हाये ना, बाबा?"

"मी उलटी बसवीन? मी?"

"मंग कोणी बसवली?"

पुनाराम बिचारा पायाकडं पाहून राह्यला. मी तणतणलो, पाना आपटला, सील विकणाऱ्याच्या नावानं चार शिव्या दिल्या. विकणाऱ्याचा काय दोष त्याच्यात? रूपालीनं शांतपणे मोबाईल काढला. "एक मौका देते. माझ्यासमोर बसवा." अन् व्हिडिओ काढू लागली, जसा काही मी परीक्षेत कॉपी करणारा पोरगा. मी बसवली. नंबर बाहेर. तिनं जवळून फोटोही घेतला. दहा मिनिटं इंजिन चालवलं, थेंब नाही. पुनारामले खैरलांजीले लग्नाले जायचं होतं, तो गाडी ठेवून बसनं गेला. मी कुलूप लावलं. किल्ली माझ्याच करगोट्याले असते.

शनिवारी शटर उघडलं तं गाडीखाली ताटाएवढं तेल.

मी रूपालीले बोलावलं. लपवलं असतं, तं चालून गेलं असतं. पण शब्द दिला होता ना. तिच्यासमोर खोललं. मॅग्नेटचा नट जसा आवळला तसाच. मॅग्नेट पुलरशिवाय निघाला नाही. अन् आत सील उलटी.

यावेळी ती चिडली नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, तुम्हीच येऊन खोलली काय? आठवते काही?"

अरे देवा! त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तं बरं. एक क्षण मलेच वाटलं, की हौ, आपणच आलो असू. मनातून मी भेलो.

मंग मी सील नीट पाह्यली. बसलेली सील काढायची म्हणजे पेचकसानं उचकावी लागते. काठाले ओरखडा पडल्याशिवाय ती निघत नाही. इथं एकही ओरखडा नव्हता. ग्रीस लावलेलं होतं, पण माझं पिवळं नव्हतं. काळं, पातळ, एकसारखं. काम माझ्यापेक्षा साफ होतं.

नंबर बसवणाऱ्याकडं असते, हे मी सांगितलं तुम्हाले. नंबर आतल्या बाजूनं होता.

म्हणजे बसवणारा इंजिनच्या आत होता, अन् त्याच्या हिशेबानं तेल बाहेर, आपल्याकडं होतं. ते तिकडं येऊ नये म्हणून तो दरवेळी अडवून राह्यलता.

हे पोरीले कसं सांगावं? सांगितलं असतं तं तिनं दुकान बंद करून मलेही दवाखान्यात पोचवलं असतं. मंग राग आला तो आलाच. नवी सील तिच्या हातात देली.

"घे. आता तूच बसव. मंग पाहू कोणाचा हात थकला."

"मी?"

"हौ, तूच!"

ती खाली बसली. स्टँड डगमग करते म्हणून मी पलीकडून गाडी धरली. एक हात हँडलवर, एक कॅरियरवर. बाहेरून मँगनीजचा ट्रक गेला, दुकान हाललं.

तिनं सील खाचेवर ठेवली. दोन्ही अंगठे टेकवले. दाबली.

"बाबा, तिकडून ढकलू नका."

मी हाताकडं पाह्यलं. एक हँडलवर, एक कॅरियरवर.

"बाबा! मस्करी पुरे."

तिच्या मानेची शीर फुगली. बोटं पांढरी पडली. इंजिनचं तिकडचं कव्हर बंदच होतं, बोल्टही हालले नव्हते.

टक.

सील बसली. नंबर बाहेर. रूपाली हसत उठली अन् चिंधीले हात पुसू लागली.

इतवारी खाली कोरडं. सोमवारी कोरडं. पुनाराम गाडी घेऊन गेला, आठ दिवसांनी फोन केला, एक थेंब नाही म्हणे.

त्या दिवशी संध्याकाळी रूपालीच्या स्कूटीवर मी मागं बसून घरी चाललो होतो. फाटकापाशी गाडी थांबली. मालगाडी जात होती.

"बाबा, माझं चुकलं," ती म्हणाली. "मोबाईलवाल्याले मी नाही म्हणून सांगून देलं."

"काहून?"

"तुमचा हात थकला म्हणत होती ना मी? त्या दिवशी मी दोन्ही अंगठ्यांनी जीव खाऊन दाबून राह्यलती, अन् तुम्ही तिकडून एका बोटानं थांबवून धरलं मले. चालू ठेवा दुकान."

मले रडू आल्यासारखं झालं, कशाचं ते समजलं नाही. दुकान वाचलं होतं. मी दोन्ही हात स्वेटरच्या बाहीत ओढून घेतले.

फाटक उघडलं. तिनं गाडी चालू केली अन् मान जराशी मागं वळवली.

"फक्त बोट केवढं थंडगार होतं तुमचं, बाबा. रबरातूनही लागत होतं. डॉक्टरले दाखवू एकदा."

मी म्हटलं, "हौ."